प्रस्तावना : यंत्राचा सातबारा

‘व्याख्या लिहा’ असा प्रश्न आला की आमची पोरं खूश असतात. राउटर म्हणजे काय, दोन मार्क. हब आणि स्विच यांतला फरक, चार मार्क, रकाने आखून. अशा उत्तरपत्रिका मी वीस वर्षं तपासतो आहे. व्याख्या चुकली तर अर्धा मार्क जातो, त्यापलीकडे कोणाचं काही बिघडत नाही. राउटर आपापल्या जागी चालत राहतात.

तुमच्या हातातली पुस्तिका ज्या व्याख्यांची आहे, त्या तपासायला मास्तर बसत नाही. आभासी नेटवर्कच्या प्रयोगशाळेत एखादा राउटर, स्विच किंवा फायरवॉल आणायचा, तर आधी त्याची व्याख्या लिहावी लागते : हा कोण, याला मेमरी किती लागते, नेटवर्क कार्डं किती आणि कोणत्या जातीची, याच्याशी बोलायचं कुठल्या वाटेनं. संगणक ती वाचतो आणि तिच्याबरहुकूम यंत्र उभं करतो. एक शब्द चुकला तर यंत्र उभं राहत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे उभं राहतं आणि भलतंच वागतं.

या पुस्तिकेचं बी अशाच एका शब्दात आहे. उन्हाळी परीक्षेआधीचा प्रॅक्टिकलचा शेवटचा तास होता. फायरवॉलचा प्रयोग. यंत्र सुरू झालं, पासवर्ड मागितला, आत घेतलं, सगळं ठीक. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, “सर, इंटरफेसच नाही दिसून राहिला.” मी गेलो. खरंच नव्हता. पडद्यावर चार वायरी जोडलेल्या दिसत होत्या आणि फायरवॉलला मात्र आपल्याला एकही तोंड आहे याची खबर नव्हती. बंद करून सुरू केला, वायरी काढून जोडल्या, इमेज पुन्हा उतरवली. दीड तास गेला. शेवटी व्याख्येची फाइल उघडली तेव्हा दिसलं की कार्डाच्या जातीपुढे ‘व्हर्टिओ’ लिहिलं होतं, आणि त्या जुन्या फायरवॉलकडे व्हर्टिओचा ड्रायव्हरच नव्हता. त्याला इंटेलच्या ‘ई१०००’ या जुन्या कार्डाची ओळख होती. शब्द बदलला आणि चारही इंटरफेस निमूटपणे हजर झाले. फाइल मीच लिहिली होती. त्या मुलाचं वाक्य अजून आठवतं : “म्हणजे सर, मशीन बरोबरच होती. आपणच तिला चुकीचं घर देल्लं.”

त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक यंत्राची एक नोंद ठेवू लागलो. आधी वही होती, मग फोल्डर झालं, आता ही पुस्तिका.

‘अप्लायन्स’ या शब्दाविषयी थोडं बोललं पाहिजे. घरात अप्लायन्स म्हणजे मिक्सर, गीझर, फ्रिज. एका कामासाठी बनवलेलं आणि झाकण उघडायची गरज नसलेलं यंत्र. नेटवर्कच्या धंद्यातही अर्थ तोच. फायरवॉलचा डबा रॅकमध्ये चढवला, वायरी खोचल्या, काम सुरू. आत खरं तर एक संगणकच असतो, पण आपण त्याला तसं पाहत नाही. पुढे कंपन्यांनी डबा बाजूला ठेवला आणि आतलं सॉफ्टवेअर तेवढं फाइल म्हणून द्यायला सुरुवात केली. तिला इमेज म्हणायचं. डबा गेला तेव्हा त्याच्याबरोबर आपसूक येणारी माहितीही गेली. डब्यावर पोर्टची नावं छापलेली असतात, मेमरी सोल्डर केलेली असते, कन्सोलचं तोंड कुठलं ते डोळ्यांना दिसतं. इमेजला यातलं काहीच नसतं. जे काम पत्रा आणि छपाई करत होती, ते आता व्याख्येला करावं लागतं.

मी शिकवायला लागलो तेव्हा डबेच होते. आमच्याकडे सिस्कोचे चार २५०१ होते, तेही दुसऱ्या हातातून आलेले. एक इथरनेट, दोन सिरियल, एक कन्सोल. वीस जणांच्या बॅचला चार राउटर म्हणजे एका राउटरमागे पाच जण : एक टाइप करणार, चार माना डोलावणार. माना डोलावणारे चौघं जर्नल मात्र पूर्ण करायचे. सिरियल केबलच्या कुठल्या टोकाला क्लॉक रेट द्यायचा, हे त्या चौघांतल्या किती जणांना कळलं असेल, हा हिशोब मी कधी केला नाही. एक राउटर बिघडला की एकामागे सहा-सात जण होत.

बाहेर तोवर काय चाललं होतं ते आम्हाला उशिरा कळलं. फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसानं २००३ मध्ये क्यूएमयू हे सॉफ्टवेअर खुलं केलं होतं. एका संगणकाच्या पोटात दुसरा संपूर्ण संगणक उभा करणारं. २००५ मध्ये क्रिस्तोफ फियो यांनी डायनामिप्स लिहायला घेतलं. त्यात सिस्कोच्या खऱ्या राउटरचं खरं सॉफ्टवेअर साध्या पीसीवर चालू लागलं. त्याच वर्षाअखेरीस इंटेलनं आपल्या प्रोसेसरमध्ये आभासी यंत्रांसाठी खास सोय द्यायला सुरुवात केली, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत केव्हीएम दाखल झालं, म्हणजे ती सोय लिनक्सला सरळ वापरता येऊ लागली. जेरेमी ग्रॉसमन यांनी या सगळ्यावर चित्र काढण्याजोगा फळा बसवला आणि २००८ मध्ये जीएनएस३ बाहेर आलं. राउटर उचलायचा, फळ्यावर ठेवायचा, रेघ ओढायची.

आमच्या लॅबमध्ये ते आलं तेव्हाची गंमत सांगतो. डायनामिप्सला राउटर रिकामा बसला आहे की काम करतो आहे हे आपणहून कळत नाही. तो बिचारा रिकाम्या राउटरसाठीही पूर्ण ताकदीनं राबतो. त्याला ‘आयडल-पीसी’ नावाचा एक आकडा शोधून द्यावा लागतो, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कुठल्या टप्प्यावर आला की राउटर नुसता वाट पाहतो आहे असं समजायचं. हा आकडा न देता वीस पीसींवर तीन-तीन राउटर चालवले, तेही मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना. सगळे पंखे एकदम शीळ घालू लागले आणि लॅबचा एसी हरला. नागपुरात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, पण संगणकांच्या खोलीत कूलरची ओल चालत नाही, तेव्हा दारं उघडून सगळ्यांना बाहेर काढणं एवढंच हातात होतं. व्याख्येतला एक आकडा राहिला की खोली किती तापते हे मी अंगानं शिकलो.

इथे एक भेद स्पष्ट करतो, कारण ‘सिम्युलेशन’ हा शब्द सरसकट वापरला जातो, या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरही वापरला आहे. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे खऱ्या अर्थानं सिम्युलेशन आहे. त्यातला राउटर बहुरूपी आहे. बहुरूपी पोलिसाचा वेश करून येतो, दरडावतो, दंड मागतो, हुबेहूब वाटतं, पण तो कोणाला अटक करू शकत नाही. पॅकेट ट्रेसरमध्ये लिहिणाऱ्यानं जेवढ्या कमांडी घातल्या तेवढ्याच चालतात. पहिल्या वर्षाला तो उत्तम आहे, कोणी नावं ठेवू नयेत. जीएनएस३, ईव्ह-एनजी, सिस्को मॉडेलिंग लॅब्ज, कंटेनरलॅब ही मंडळी वेगळी. त्यांची तऱ्हा झाडीपट्टीच्या नाटकासारखी. धान निघाल्यावर रिकाम्या बांधीत मंडप पडतो, राजवाडा रंगवलेल्या पडद्याचा असतो, पण रात्रभर गाणारा नट खरा असतो. इथेही यंत्राचं शरीर खोटं आणि सॉफ्टवेअर खरं. त्यामुळे त्यातले दोषही खरेच भेटतात, आणि मला विचाराल तर शिकण्याजोगं बरंचसं त्या दोषांतच असतं.

आता व्याख्येकडे. विदर्भातल्या विद्यार्थ्याला हे समजावताना मला सातबाऱ्याइतकं दुसरं काही उपयोगी पडलं नाही. सातबारा म्हणजे जमीन नव्हे हे आमच्या पोरांना शिकवावं लागत नाही. तो जमिनीविषयीचा कागद. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाची, किती. नमुना बारा सांगतो तिच्यात कोणत्या वर्षी काय पिकलं. पहिला भाग सहसा बदलत नाही, दुसरा दर हंगामाला भरायचा. जीएनएस३ची अप्लायन्स फाइल अगदी याच घडणीची असते. वरचा भाग यंत्राची ओळख सांगतो : नाव, बनवणारा, वर्ग, मेमरी, कार्डं, कन्सोल. खालचा भाग इमेजची आणि आवृत्त्यांची यादी, दर नव्या आवृत्तीगणिक वाढत जाणारी. सिस्कोच्या मॉडेलिंग लॅबमध्ये तर हे दोन भाग वेगवेगळ्या कागदांवरच असतात : नोड डेफिनिशन वेगळी, इमेज डेफिनिशन वेगळी. मला हीच मांडणी जास्त पटते. पीक बदललं म्हणून मालकीचा कागद पुन्हा का लिहायचा?

आणि कागदात जशी जमीन नसते तशी या फाइलमध्ये इमेज नसते. फाइल काही केबींची. इमेज शेकडो एमबीची, कधी गीगाबाइटांची. २०२० च्या टाळेबंदीत याचा अर्थ आम्हाला नीट कळला. मुलं आपापल्या गावी, कोणी गडचिरोलीच्या पलीकडे, कोणी यवतमाळ जिल्ह्यात, आणि हाती दिवसाचा दीड जीबीचा मोबाइल पॅक. व्याख्या मी मेलनं पाठवू शकत होतो, क्षणात पोचायची. इमेज पाठवू शकत नव्हतो. मग आम्ही उलटा विचार केला : आधी इमेजचा आकार पाहायचा आणि मगच प्रयोग ठरवायचा. मायक्रोटिकच्या सीएचआर राउटरची डिस्क १२८ एमबीची, ओपनडब्ल्यूआरटी त्याहून हलकं, अल्पाइन लिनक्सचा कंटेनर तर काही एमबीतच आटोपतो. ओएसपीएफ शिकायला एवढं पुरे झालं. या पुस्तिकेत छोट्या आणि खुल्या यंत्रांचा भरणा का, तर तो त्या वर्षाचा परिणाम आहे.

इमेज वेगळ्या वाटेनं येते म्हणून तीच ही इमेज, हे ओळखायचं कसं, असा प्रश्न उरतो. फाइलचं नाव काही सिद्ध करत नाही. पेनड्राइव्हवर फिरलेल्या फाइलला ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘नवी’ अशी शेपटं लागलेली असतात. म्हणून व्याख्येत इमेजचा आकार बाइटमध्ये आणि तिचा एमडी५ ठसा लिहिलेला असतो, ३२ आकडे-अक्षरांचा. फाइलमधला एक बाइट बदलला तरी ठसा पार बदलतो. जीएनएस३ तुमच्या संगणकावरच्या फाइलींचे ठसे काढून ताडतो आणि जुळला तर हिरव्या अक्षरांत ‘फाउंड’, नाहीतर लाल अक्षरांत ‘मिसिंग’ दाखवतो. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एमडी५ ही रॉन रिव्हेस्ट यांची १९९२ ची रीत आहे, आणि २००४ मध्ये चीनच्या शियाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच ठसा असलेल्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात हे दाखवून दिलं. तेव्हा हा ठसा ओळखीपुरता. अर्धवट उतरलेली फाइल पकडायला तो चोख आहे. कोणी मुद्दाम फसवायचं ठरवलं तर त्याच्यावर विसंबू नये. आणि लाल ‘मिसिंग’ दिसलं की ‘कस्टम फाइल चालू द्या’ या चौकोनावर टिचकी मारायची आमच्या मुलांची जी सवय आहे, ती मोडा. तो चौकोन मीही वापरतो, पण नंतर व्याख्येत नवा ठसा लिहून ठेवतो.

पोर्टच्या नावांवर या पुस्तिकेत पुष्कळ पानं गेली आहेत. छापखान्यातल्या मित्रानं विचारलं, एवढं काय त्यात? सांगतो. क्यूएमयूला तुमच्या राउटरच्या पोर्टची नावं ठाऊक नसतात. त्याच्या लेखी पहिलं कार्ड, दुसरं कार्ड, तिसरं कार्ड. राउटर आतून त्यांना गिगाबिट शून्य-शून्य, शून्य-एक म्हणतो. काही फायरवॉलमध्ये पहिलं कार्ड मॅनेजमेंटसाठी राखून ठेवलेलं असतं आणि गिगाबिटची मोजणी दुसऱ्यापासून सुरू होते. सिस्कोच्या आभासी स्विचमध्ये चार-चार पोर्टांचे गट असतात : शून्य-तीन झालं की पुढचं एक-शून्य. व्याख्येत हे लिहिलं नाही तर फळ्यावर एक नाव दिसतं आणि आतलं नाव दुसरंच निघतं. विद्यार्थी ज्या पोर्टला पत्ता देतो त्यात वायरच नसते. पिंग जात नाही. मग तो राउटिंग तपासतो, मास्क तपासतो, स्वतःच्या अकलेवर शंका घेतो. एका मुलीनं अशा एका घराच्या फरकापायी अख्खी दुपार घालवली, आणि तिचं सगळं बरोबर होतं. यंत्राची व्याख्या लिहिणारा चुकतो तेव्हा शिक्षा शिकणाऱ्याला होते, म्हणून ही पानं.

‘यूसेज’ नावाचा एक रकाना असतो. बहुतेक लोक त्यात पासवर्ड लिहून मोकळे होतात. सीएचआरसाठी आम्हीही तेवढंच लिहिलं होतं : यूजर ‘अॅडमिन’, पासवर्ड रिकामा. पुढच्या सत्रात एकानं बँडविड्थ आवरण्याचा प्रयोग केला, मोजलं, बरोबर १ एमबीपीएस आलं, आलेख काढला, जर्नलवर माझी सहीसुद्धा झाली. सीएचआरचा फुकट परवाना मुळातच दर इंटरफेसला १ एमबीपीएसच जाऊ देतो, हे मला नंतर आठवलं. त्या मुलाच्या नियमानं काही आवरलंच नव्हतं. ती मर्यादा आता व्याख्येत पहिल्या ओळीत आहे, आणि त्या जर्नलवरची सही मी मागे घेतली नाही, कारण चूक माझी होती.

बाकीचे रकाने भराभर सांगून टाकतो. वर्ग : राउटर, मल्टिलेअर स्विच, फायरवॉल किंवा ‘गेस्ट’. साध्या संगणकाला गेस्ट म्हणतात, आमची पोरं त्याला पाहुणा म्हणतात आणि पुस्तिकेतही तोच शब्द राहू दिला आहे. केव्हीएम : लागतंच, चालेल, नको. ‘लागतंच’ असेल आणि पीसीच्या बायॉसमध्ये प्रोसेसरची ती आभासी यंत्रांची सोय बंद असेल तर यंत्र हलत नाही. कॉलेजांच्या लॅबमध्ये ती बहुधा बंदच असते आणि बायॉसचा पासवर्ड कोणाकडे आहे हा स्वतंत्र संशोधनाचा विषय. मेमरी : सांगितल्यापेक्षा कमी देऊ नका. आठ जीबीच्या पीसीवर विंडोज आणि ब्राउझर बसले की उरतं काय याचा हिशोब पान उलटण्याआधी करा. डिस्कची काळजी त्या मानानं कमी. मूळ इमेज एकच राहते आणि प्रत्येक नोडचे बदल तेवढे वेगळ्या छोट्या फाइलीत साठतात, म्हणून दहा राउटरांना दहापट जागा लागत नाही.

एक रकाना मला मनापासून आवडतो : ‘स्टेटस’. त्यात तीनच उत्तरं चालतात. स्टेबल, एक्सपेरिमेंटल, ब्रोकन. ‘माझं काम मोडकं आहे’ असं स्वतःहून लिहायची जागा असलेला फॉर्म मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. या पुस्तिकेतल्या काही व्याख्यांपुढे आम्ही ‘ब्रोकन’ लिहून ठेवलं आहे. त्या गाळून टाका असा सल्ला मिळाला होता, गाळल्या नाहीत.

प्रयोगशाळा बदलली की लिहिण्याची शिस्त बदलते, मजकूर तोच राहतो. जीएनएस३ची फाइल जेसनमध्ये : महिरपी कंस, अवतरणं, आणि शेवटच्या नोंदीनंतर स्वल्पविराम राहिला तर सगळी फाइल नापास. ईव्ह-एनजी आणि मॉडेलिंग लॅब्ज यांची लिपी यामल : तिथे ओळ किती जागा सोडून सुरू होते यावर अर्थ ठरतो, आणि टॅब दाबलात तर संपलं. ईव्ह-एनजीला तर इमेजच्या फोल्डरचं नावसुद्धा साच्याच्या, म्हणजे व्याख्येच्या फाइलच्या, नावानं सुरू व्हावं लागतं. त्या नावापुढची आडवी रेघ विसरलात तर यंत्र यादीत करडंच राहतं, का ते कोणी सांगत नाही. मॉडेलिंग लॅबच्या व्याख्येत एक हृद्य रकाना आहे. यंत्र पूर्ण जागं झालं हे कसं ओळखायचं, तर जागं झाल्यावर कन्सोलवर ते पहिल्यांदा काय बोलतं ते तिथे लिहून ठेवायचं. ते शब्द ऐकू आले की हिरवी खूण.

आता एक नाजूक विषय. व्याख्या वाटायला कोणाची हरकत नाही. इमेज वाटायला आहे. सिस्को, ज्युनिपर आणि इतरांची सॉफ्टवेअरं परवान्यानं मिळतात, आणि ‘मित्राकडून पेनड्राइव्हवर’ हा परवाना नव्हे. “सर, सगळेच वापरतात” हे मी शेकडो वेळा ऐकलं आहे. वापरत असतील. माझी अडचण निव्वळ कायद्याची नाही. कुठून आली ते ठाऊक नसलेली इमेज चालवणं म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देणं, आणि ती आपण सुरक्षेच्या प्रयोगात चालवतो. शिवाय आज पर्याय पुष्कळ आहेत. एफआररूटिंग, व्हीवायओएसची रोज तयार होणारी आवृत्ती, ओपन व्ही-स्विच, ओपीएनसेन्स हे सगळं उघड्या दारानं मिळतं. कंपन्यांच्या यंत्रांच्या व्याख्या पुस्तिकेत दिल्या आहेत त्या ज्यांच्या संस्थेकडे परवाना आहे त्यांच्यासाठी. इमेज कुठे मिळेल हे आम्ही कुठेही लिहिलेलं नाही, शोधू नका.

पहिला प्रयोग नागपूरचा आहे. नागपूर स्टेशनाजवळचं डायमंड क्रॉसिंग सगळ्यांना माहीत असतं, बाहेरगावच्या पाहुण्यांना आवर्जून सांगितलं जातं. चारी दिशांचे रूळ तिथे एकमेकांना छेदतात. पण गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाऊ शकते ती त्या जागी नव्हे. क्रॉसिंगवर सांधाच नसतो. हावड्याकडची गाडी आपल्या वाटेनं निघते, दिल्लीकडची आपल्या. वळायचं तर सांधा असलेल्या यार्डात जावं लागतं. एका स्विचवर दोन व्हीलॅन ठेवले की नेमकं हेच होतं. दोघांची पॅकेटं त्याच डब्यातून जातात, भेट मात्र होत नाही. भेट घडवायची तर राउटर हवा, तो सांधा. म्हणून पहिल्या फळ्यावर एक स्विच, चार पाहुणे, मुंबई, हावडा, दिल्ली, चेन्नई अशी नावं. आधी मुंबई-हावडा एका व्हीलॅनमध्ये, दिल्ली-चेन्नई दुसऱ्यात. पिंग करून बघायचं काय पोचतं आणि काय पोचत नाही. मग एक राउटर जोडायचा. त्या राउटरची व्याख्या मात्र आयती दिलेली नाही. रिकामा साचा दिला आहे, तो तुम्ही भरायचा.

या पुस्तिकेत वायरलेस नाही, कारण आभासी यंत्रांत हवा आणि भिंती नीट आणता येत नाहीत. मोठ्या सर्व्हिस प्रोव्हायडर राउटरांनाही जागा दिलेली नाही, त्यांची भूक आमच्या लॅबला परवडत नाही. वेग मोजायचे प्रयोग मुद्दाम टाळले आहेत : एका पीसीत कोंबलेल्या सहा यंत्रांचा वेग म्हणजे त्या पीसीच्या दमाचा हिशोब, नेटवर्कचा नव्हे. खुली यंत्रं आणि जीएनएस३ यांच्यावर भर आहे, तो माझ्या सवयीचा भाग समजा. नव्या मुलांचा ओढा कंटेनरलॅबकडे आहे आणि बहुधा त्यांचंच बरोबर आहे. त्याचं प्रकरण त्यांनीच लिहिलं, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिले.

प्रत्येक व्याख्येखाली ती कोणत्या पीसीवर, किती मेमरीत, कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिली ते लिहिलं आहे. तुमच्याकडे ती चालली तर तुमची एक ओळ त्याखाली जोडा. न चालली तर ‘ब्रोकन’ लिहा, आवृत्ती लिहा, यंत्र शेवटचं काय बोललं ते अक्षरशः उतरवा आणि आमच्याकडे पाठवा. पाठवताना इमेज जोडू नका.